जिन्यातला दिवा आणि जॉर्ज बूल

दोस्तांनो, माधवनगरातलं कुठलंही दोन मजली घर घ्या, जिन्यात एक दिवा असतोच. खाली एक बटण, वर एक बटण. खालून लावायचा, वर जाऊन बंद करायचा. लहानपणी आपण सगळ्यांनी हा खेळ आईची बोलणी खाऊन केलेला आहे. एक जण खाली, एक जण वर आणि नुसती टकटक. कधी नीट बघितलंय? दोन्ही बटणं सारखी असली की दिवा बंद, एक वर आणि एक खाली असलं की चालू. (वायरमनने उलटं जोडलं असेल तर उलटं.) डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या जर्नलमध्ये सबमिशनच्या आदल्या रात्री तुम्ही जो एक्स-ऑर गेटचा ट्रुथ टेबल मित्राच्या वहीतून उतरवता ना, तो हाच.

आता गंमत बघा. ज्याच्या नावाचा ‘बूलियन अल्जेब्रा’ हा अख्खा चॅप्टर आपण घोकतो, त्या माणसाच्या घरात विजेचा दिवा कधी लागलाच नाही. एडिसनचा दिवा १८७९ सालचा. जॉर्ज बूल १८६४ मध्येच गेला. त्याने ना दिव्याचं बटण बघितलं, ना चिप. तरी आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये जे काही चाललंय ते त्याच्याच बीजगणिताने चाललंय.

ही गोष्ट आज सांगायचं कारण साधं आहे. सांगलीला वालचंदला किंवा इकडे बुधगावला जाणारी इलेक्ट्रॉनिक्सची पोरं-पोरी भेटली की सध्या एकच प्रश्न येतो. व्हेरिलॉग शिकू का? व्हीएचडीएल शिकू का? त्याने नोकरी लागते का? उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी या माणसाची गोष्ट ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

दुर्बिणीच्या नादातला बाप

२ नोव्हेंबर १८१५. इंग्लंडमधलं लिंकन नावाचं गाव. मोठं चर्च, बाजार, आजूबाजूला शेती. तिथे जॉन बूल नावाचा जोडे शिवणारा माणूस राहायचा. बायको लग्नाआधी बड्या घरातल्या बाईंच्या सेवेला होती. जॉन जोडे शिवायचा खरा, पण त्याचं लक्ष त्यात कधीच नव्हतं. त्याला नाद होता गणिताचा आणि काचा घासून दुर्बिणी बनवायचा. दुर्बीण तयार झाली की दुकानाच्या खिडकीत पाटी लावून गावाला आकाश बघायला बोलवायचा. गिऱ्हाईक ताटकळलंय आणि मालक भिंग पुसतोय, अशा दुकानाचं काय होणार ते सांगायला नको. अशी माणसं आपल्याकडेही असतात. घरचे कपाळावर हात मारतात, पण पोरांना त्यांच्याकडून जे मिळतं ते फी भरून मिळत नाही.

जॉर्जला पहिलं गणित वडिलांनी शिकवलं. शाळा झाली ती साधी, व्यापाऱ्यांच्या मुलांना हिशेब शिकवणारी. त्या काळात मोठं व्हायचं तर लॅटिन आणि ग्रीक यायला हवं. ते गरिबाच्या शाळेत नव्हतंच. मग वडिलांच्या ओळखीतल्या एका पुस्तकविक्याने त्याला लॅटिनची सुरुवात करून दिली. ग्रीक तो स्वतःच शिकला. कसं? व्याकरणाचं पुस्तक घेऊन, बस्स. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचा इंग्रजीत अनुवाद केला आणि बापाने कौतुकाने तो गावच्या पेपरात छापून आणला.

झालं! एका मास्तरांनी पेपरात पत्र लिहिलं की या वयाच्या पोराला हे येणं शक्यच नाही, म्हणजे कुठून तरी उचललेलं आहे. विचार करा, मेहनत करून प्रोजेक्ट करावा आणि ओरलला सरांनी विचारावं की नेटवरून कुठून घेतलास. तेच. फरक इतकाच की जॉर्जच्या बाबतीत सगळं गाव ते वाचत होतं. पुढे तो फ्रेंच, जर्मन आणि इटालियनही शिकला. सगळं घरी, दिव्याच्या वातीवर.

सोळाव्या वर्षी मास्तर

१८३१ मध्ये वडिलांचा धंदा बसला. घरात आई-वडील, तीन धाकटी भावंडं आणि मिळवता कोणी नाही. सोळा वर्षांचा जॉर्ज घर सोडून डॉनकास्टरला एका शाळेत सहायक मास्तर म्हणून लागला. कॉलेज हा विषय तिथेच संपला. आपल्याकडे दहावी-बारावीनंतर घरासाठी कामाला लागणारी पोरं तुम्हाला माहीत आहेत. हा त्यातलाच.

पगार तुटपुंजा. त्यात पुस्तकं घ्यायची. असं सांगतात की त्याने गणित निवडलं त्यामागे एक व्यवहारी हिशेब होता. कादंबरी दोन दिवसांत संपते, भाषेचं पुस्तक महिन्यात. पण गणिताचं एक पुस्तक वर्षभर पुरतं. म्हणजे पैसे वसूल! त्याने लाक्रुआ या फ्रेंच गणितज्ञाचं कॅल्क्युलसचं पुस्तक घेतलं आणि कोणाच्याही मदतीशिवाय त्याच्याशी झटत बसला. हे ऐकायला भारी वाटतं, पण इथे थांबून एक गोष्ट सांगतो. स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या माणसाची गोष्ट सांगताना आपण नेहमी हे लपवतो. शिकवणारा कोणी नसल्याने आपली बरीच वर्षं वाया गेली, असं पुढे बूललाच वाटायचं. चांगला गुरू मिळाला असता तर तेच काम कितीतरी लवकर झालं असतं. तेव्हा कॉलेजात चांगले सर किंवा मॅडम असतील, तर त्यांच्या केबिनबाहेर घुटमळायची लाज बाळगू नका.

डॉनकास्टरची नोकरी गेली. रविवारी, प्रार्थनेच्या वेळी सुद्धा हा मास्तर गणितं सोडवतो अशी पालकांची तक्रार होती म्हणे, शिवाय त्याचे धर्माबद्दलचे विचारही त्यांना पटत नव्हते. मग थोडे दिवस लिव्हरपूल, थोडे दिवस वॉडिंग्टन. एकोणिसाव्या वर्षी लिंकनला परत येऊन त्याने स्वतःची शाळा काढली. तुमच्या वयाचा होता हो! सगळं घर त्या शाळेवर चालायला लागलं.

लिंकनमध्ये तेव्हा नुकतीच कामगारांसाठी एक संस्था निघाली होती, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. दिवसभर राबणाऱ्यांनी संध्याकाळी यावं, वाचावं, विज्ञान शिकावं, यासाठी. जॉनबाबा तिथे ग्रंथालय सांभाळायला होते. म्हणजे बापाच्या दुर्बिणीच्या नादाचा अखेर उपयोग झाला! जॉर्जला पुस्तकं मिळाली. जवळच्या एका सरदाराने आपल्या संग्रहातली फ्रेंच गणिताची जाडजूड पुस्तकं उसनी दिली. लाग्रांज, लाप्लास अशी मंडळी त्याने तिथे वाचली. पण तो नुसता घेत राहिला नाही, तिथे कामगारांना शिकवतही होता. दुकानातल्या नोकरांना रात्री उशिरापर्यंत राबवू नये, दुकानं लवकर बंद व्हावीत, म्हणून गावात चळवळ झाली तेव्हा तो पुढे होता. शिकायचं असेल तर आधी माणसाकडे संध्याकाळ शिल्लक पाहिजे, हे त्याला स्वतःवरून माहीत होतं.

डिग्री नाही, मेडल आहे

१८३९ च्या सुमारास त्याने आपले लेख केंब्रिजच्या एका नव्या गणित मासिकाला पाठवले. संपादक डंकन ग्रेगरी तरुण होता, मनाने मोठा होता. त्याने ते छापले आणि शास्त्रीय लेख कसा लिहायचा हेही या खेड्यातल्या मास्तरला शिकवलं. केंब्रिजला जाऊन रीतसर शिकावं असंही बूलच्या मनात आलं होतं. पण शाळा बंद केली तर घर कोण चालवणार? तो गेला नाही.

१८४४ मध्ये त्याने एक मोठा लेख रॉयल सोसायटीकडे पाठवला. लंडनच्या त्या विद्वान मंडळींमध्ये या अनोळखी नावाच्या माणसाचा लेख वाचायचा तरी का, इथून सुरुवात. एका परीक्षकाने तो नाकारण्याजोगा ठरवला, दुसऱ्याने उचलून धरला. लेख छापला गेला आणि वर त्याला सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. गणितासाठी त्या सोसायटीने दिलेलं पहिलं सुवर्णपदक, आणि ते मिळालं कुठलीही डिग्री नसलेल्या शाळामास्तराला.

१८४७ साली त्याने एक छोटं पुस्तक काढलं, तर्काचं गणित मांडणारं. तेव्हा एक स्कॉटिश तत्त्वज्ञ आणि लंडनचा गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यात तर्कशास्त्रावरून जोरदार भांडण चाललं होतं. ते वाचून बूलच्या डोक्यात जुना विचार परत जागा झाला. हो, डी मॉर्गन म्हणजे तोच, ज्याची दोन ‘थिअरम्स’ तुम्ही परीक्षेत लिहिता. आणि तो जन्मला कुठे, तर आपल्या मदुराईला, १८०६ मध्ये. बूल आणि तो पुढे आयुष्यभराचे पत्रमित्र झाले.

दोन वर्षांनी, १८४९ मध्ये, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नवं क्वीन्स कॉलेज सुरू झालं आणि बूल तिथे गणिताचा पहिला प्रोफेसर झाला. आयर्लंड तेव्हा बटाट्याच्या दुष्काळातून जेमतेम बाहेर पडत होतं. लाखो माणसं मेली होती, लाखो बोटीत बसून अमेरिकेला गेली होती. अशा गावात, त्या वर्गांमधून, त्याने आपलं मोठं काम पुरं केलं. विचारांच्या नियमांवरचं त्याचं पुस्तक १८५४ मध्ये आलं.

हिरवा बेदाणा गुणिले हिरवा बेदाणा

या पुस्तकात आहे काय? आपण सांगलीकडचंच उदाहरण घेऊ. ‘क्ष’ म्हणजे जगातल्या सगळ्या हिरव्या वस्तू. ‘य’ म्हणजे सगळे बेदाणे. आता क्ष गुणिले य म्हणजे काय? आधी हिरवं निवडा, मग त्यातून बेदाणे निवडा. हातात येतो हिरवा बेदाणा. उलटं केलंत, आधी बेदाणे आणि मग त्यातले हिरवे, तरी तेच. म्हणजे हा गुणाकार पाढ्यातल्या गुणाकारासारखा वागतोय. इथपर्यंत ठीक.

आता क्ष गुणिले क्ष करा. हिरव्यातून हिरवं निवडा. काय मिळालं? हिरवंच! म्हणजे क्षचा वर्ग बरोबर क्ष. साध्या अंकांत हे कधी खरं असतं? दोनचा वर्ग चार, तिनाचा नऊ. जमत नाही. फक्त दोनच अंकांना जमतं. शून्याचा वर्ग शून्य, एकाचा वर्ग एक. बूलने इथे बोट ठेवलं. विचारांचं बीजगणित हवं असेल तर त्यात दोनच अंक लागतात. एक म्हणजे सगळं, शून्य म्हणजे काहीच नाही. एकातून क्ष वजा केला की जे हिरवं नाही ते सगळं. तुमचं ‘नॉट’ गेट ते हेच.

मला हा भाग फार आवडतो. तुम्हाला आत्तापर्यंत असं सांगितलं असेल की कॉम्प्युटरला शून्य आणि एकच कळतं म्हणून बायनरी. गोष्ट उलटी आहे. शून्य आणि एक आधी आले, माणूस विचार कसा करतो ते लिहून काढताना. यंत्र खूप नंतर आलं. (बूलची बेरीज मात्र आपल्या ‘ऑर’सारखी नव्हती. दोन गट एकमेकांत मिसळलेले नसतील तरच तो त्यांची बेरीज करायचा. आज पुस्तकात असते ती दुरुस्ती नंतरच्यांनी केली. म्हणजे ‘बूलियन अल्जेब्रा’ बूलच्या हातात पडला असता तर त्यालाही एकदोन ठिकाणी अडखळायला झालं असतं.)

एव्हरेस्टची पुतणी

कॉर्कमध्ये त्याची ओळख मेरी एव्हरेस्टशी झाली. आडनाव ओळखीचं वाटतंय? हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल राहिलेल्या जॉर्ज एव्हरेस्टची ती पुतणी. ज्या साहेबाचं नाव जगातल्या सर्वात उंच शिखराला दिलं गेलं, तोच. मेरीला गणिताची ओढ होती आणि मुलींना कॉलेजचं दार बंद होतं. बूल तिला शिकवायला लागला. १८५५ मध्ये दोघांचं लग्न झालं. तो चाळिशीला टेकलेला, ती तेवीस वर्षांची. पुढच्या नऊ वर्षांत पाच मुली झाल्या.

मेरीने म्हातारपणी जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या एका लेखात असं म्हटलं आहे की तिच्या काकांमार्फत भारतीय विचार इंग्लंडात आले आणि बूल, डी मॉर्गन यांच्या तर्कामागे त्यांचा हात होता. वाचायला छान वाटतं. पण ते तिचं मत आहे, बूलच्या लिखाणातून तसं सिद्ध करता येत नाही. त्यामुळे लगेच ग्रुपवर फॉरवर्ड करू नका.

२४ नोव्हेंबर १८६४. बूल रोजच्यासारखा घरून कॉलेजला चालत निघाला. अंतर जवळपास तीन मैल, म्हणजे माधवनगरहून सांगलीत चालत जावं तेवढं. वाटेत पाऊस आला. ओलाचिंब झाला, पण तास बुडवायचा नाही म्हणून तशाच भिजलेल्या कपड्यांत त्याने शिकवलं. घरी आला तो तापाने फणफणूनच. फुप्फुसं धरली. मेरीचा अशा उपचारांवर विश्वास होता की ज्याने रोग झाला त्यानेच तो बरा होतो, आणि तिने त्याला ओल्या चादरीत गुंडाळून ठेवलं असं सांगितलं जातं. खरं किती, वाढवून सांगितलेलं किती, यावर अजून वाद आहेत. ८ डिसेंबरला तो गेला. वय ४९. सर्वात मोठी मुलगी आठ वर्षांची, सर्वात धाकटी सहा महिन्यांची.

त्या बाईने काय केलं ते बघा. लंडनला येऊन एका मुलींच्या कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी धरली आणि पाच मुली वाढवल्या. मुलांना गणित कसं शिकवावं यावर तिने पुस्तकं लिहिली. पुठ्ठ्याला भोकं पाडून सरळ धाग्यांनी वक्ररेषा विणायचा जो प्रकार शाळेत क्राफ्ट म्हणून करतात, त्यामागे तीच आहे. अलिशिया ही मुलगी कॉलेजात न जाता चार मितींच्या भूमितीत नाव काढून गेली. लूसी रसायनशास्त्रात गेली. धाकटी एथेल कादंबरीकार झाली आणि तिची कादंबरी रशियात लाखोंनी वाचली गेली. आणि थोरल्या मेरी एलनच्या वंशातला जेफ्री हिंटन, म्हणजे बूलचा खापरपणतू, त्याला २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कशाबद्दल? तुम्ही दिवसरात्र वापरता त्या एआयच्या पायाभूत कामाबद्दल!

सत्तर वर्षं धूळ

बूलचं बीजगणित यानंतर सत्तर वर्षं तत्त्वज्ञानाच्या वर्गात पडून होतं. त्याचा ‘स्कोप’ काय, असं कोणी विचारलं असतं तर कोणालाच सांगता आलं नसतं. मग अमेरिकेत क्लॉड शॅनन नावाचा एक मुलगा आला. त्याने मिशिगनला इंजिनिअरिंग आणि गणित दोन्ही केलं आणि त्यातच तर्कशास्त्राचा एक विषय घेतला होता. पुढे एमआयटीत तो एका अवाढव्य यंत्रावर कामाला लागला. त्या यंत्राला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तसे रिले होते. ते जोडायची पद्धत म्हणजे निव्वळ अनुभव आणि अंदाज. शॅननच्या लक्षात आलं की रिले बंद किंवा चालू, म्हणजे शून्य किंवा एक. एकामागे एक जोडले की ‘अँड’, शेजारी शेजारी जोडले की ‘ऑर’. अरे, हे तर बूलचंच! १९३७ मध्ये एकविसाव्या वर्षी त्याने हा मास्टर्सचा प्रबंध लिहिला. जपान आणि रशियातही त्याच सुमारास काही इंजिनिअर याच वाटेवर पोचले होते, पण जगभर गाजला तो शॅनन. त्याच्यानंतर सर्किट जोडण्याआधी कागदावर गणिताने सोडवता यायला लागलं.

आता तुमचा प्रश्न

१९७१ च्या इंटेल ४००४ या चिपमध्ये साधारण २,३०० ट्रान्झिस्टर होते. तिचे नकाशे माणसांनी हाताने काढले. पुढे हीच संख्या लाखांत गेली तेव्हा चित्र काढून भागेना. मग सर्किट काढायच्याऐवजी लिहायचं ठरलं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या प्रकल्पातून व्हीएचडीएल आली आणि १९८७ मध्ये ती प्रमाण झाली. व्हेरिलॉग १९८४-८५ च्या सुमारास गेटवे नावाच्या छोट्या कंपनीत जन्मली. त्या कंपनीचा संस्थापक प्रभू गोयल हा आयआयटी कानपूरला शिकलेला. आणि त्या आयआयटीची उभारणी करणारे पहिले संचालक होते आपले मराठी डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर, मूळचे इलेक्ट्रिकलचे. बूलची भाषा अशी फिरत फिरत आली.

व्हेरिलॉग सीसारखी दिसते आणि तिथेच पोरं फसतात. सीमध्ये ओळी एकामागून एक चालतात. व्हेरिलॉगमध्ये तुम्ही आज्ञा देत नाही, सर्किटचं वर्णन करता. वर्णनातल्या सगळ्या तारांमध्ये एकाच वेळी वीज असते. क्लॉक नसलेल्या ब्लॉकमध्ये ‘इफ’ लिहिलं आणि ‘एल्स’ विसरलात तर सॉफ्टवेअर तुम्हाला अडवत नाही, पण सर्किटमध्ये एक लॅच तयार होतो, कारण त्या वेळी काय करायचं ते तुम्ही सांगितलंच नाही. मग चिप जुनंच उत्तर धरून बसते. म्हणून माझा आग्रह आहे की भाषेआधी गेट, फ्लिप-फ्लॉप आणि स्टेट मशीन कागदावर पक्की करा. भाषा पंधरा दिवसांत लिहिता येते. कुठली ओळ लिहिली की कुठलं सर्किट होणार, हे दिसायला वर्ष जातं.

नोकरीचं खरं सांगतो. डिझाइन हे काम थोड्यांना मिळतं. त्याहून जास्त माणसं लागतात व्हेरिफिकेशनला, म्हणजे चिप फॅक्टरीत जाण्याआधी तिच्यातल्या चुका शोधायला. एकदा छापलेली चिप खोडरबराने पुसता येत नाही, चूक राहिली तर कोट्यवधी पाण्यात. तिथे सिस्टिमव्हेरिलॉग लागते. शिवाय एफपीजीएवरचं काम आहे, संरक्षण, टेलिकॉम, वैद्यकीय उपकरणं अशा ठिकाणी. बंगळुरू, हैदराबाद, नोएडा आणि आपलं पुणे इथे या कंपन्यांची ऑफिसं आहेत, सांगलीत बसून सुरुवात करणं अवघड आहे हेही मान्य करा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना जाहीर केली आणि आयआयटी मुंबईने ‘अजित’ हा प्रोसेसर इथेच घडवला, त्यामुळे हवा आहे. पण हवेवर प्लेसमेंट होत नाही. इंटरव्ह्यूत विचारतात तेच जुनं. फ्लिप-फ्लॉपचा सेटअप टाइम काय, ब्लॉकिंग आणि नॉन-ब्लॉकिंगमध्ये फरक काय, दोनने भागणारं क्लॉक काढून दाखव.

यासाठी लाखभर फी भरून शंभर टक्के नोकरीची हमी देणारा कोर्स लावायच्या आधी थांबा. अशा एका ठिकाणी पैसे अडकवून बसलेली पोरं मी बघितली आहेत. इकारस व्हेरिलॉग, जीटीकेवेव्ह, व्हीएचडीएलसाठी जीएचडीएल ही सगळी सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतात. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अख्खे कोर्स फुकट आहेत. बूलच्या वेळची ती मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट आता तुमच्या मोबाइलमध्ये आहे. आणि हो, एआय व्हेरिलॉग लिहून देतो हे मलाही माहीत आहे. लिहून देतो, पण ते बरोबर आहे का ते तपासायला लागतंच, आणि तपासणारा लॅच ओळखणारा हवा.

आज रात्री सुरुवात करायची असेल तर जिन्यातल्या दिव्यापासून करा. दोन इनपुट, एक आउटपुट, एकच ‘असाइन’ची ओळ. ती जमली की शेतातली मोटार घ्या. विहिरीत पाणी आहे का, थ्री फेज लाइट आली आहे का, टाकी भरली आहे का. पहिली दोन ‘हो’ आणि तिसरं ‘नाही’ असेल तरच मोटार चालू. आठ ओळींचा ट्रुथ टेबल होतो, त्यातल्या एकाच ओळीत एक येतो. टेस्टबेंच लिहून आठही ओळी तपासा. मग पुढचा प्रश्न असा की टाकी काठोकाठ भरायला आली, पाणी हिंदकळतंय, फ्लोट वर-खाली होतोय आणि मोटार सारखी चालू-बंद होतेय. आता काय लिहाल?